यंदा नको, आणि जहाजाच्या आत तर नकोच

वाचकाचं पत्र

आदरणीय काका,
मी मूळचा निपाणीचा, वय २७. बेळगावात खोली घेऊन राहतो, उद्यमबागेत हायड्रॉलिक्सच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. दोन वर्षांपूर्वी मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर स्कुबाचा ओपन वॉटर हा सुरुवातीचा कोर्स केला, मग अ‍ॅडव्हान्स्ड केला. आतापर्यंत २६ डाइव्ह झाल्या. सगळ्यात खोल अंदमानात, २८ मीटर. मे महिन्यात माझा मित्र आणि त्याचा ग्रुप श्रीलंकेला बट्टिकलोआला चालले आहेत. तिथं ५३ मीटरवर हर्मीस हे विमानवाहू जहाज बुडालेलं आहे. मित्र म्हणतो, साध्या हवेवर होतं, खाली पाचच मिनिटं राहायचं, एका बाजूनं आत शिरून दुसरीकडून बाहेर पडायचं, जमलं तर आठवण म्हणून काहीतरी घेऊन यायचं. कोणता कोर्स केलाय त्याचं कार्ड तिथं कोणी विचारत नाही. मी ३० हजार आगाऊ भरलेत. आईला कोलंबो फिरायला जातोय म्हणून सांगितलंय, कारण समुद्राचं नाव काढलं की तिच्या घशाखाली घास उतरत नाही. माझी तब्येत उत्तम आहे. सर्दी झाली की उजवा कान उघडत नाही, पण चालतं. गेल्या खेपेला नेत्राणीहून त्याच संध्याकाळी गाडीनं परत आलो, तर दोन दिवस उजवं कोपर ठणकत होतं, सिलिंडर उचलून भरलं असावं. जाऊ का? आणि आईला कसं समजावू?

उत्तर

प्रिय मित्रा,

आधी कोपराचं बोलू. तू ते वाक्य जाता जाता लिहिलंस आणि सिलिंडरवर ढकलून मोकळा झालास, पण मी पत्र वाचताना तिथंच थांबलो.

पाण्याखाली दाबाच्या हवेतला नायट्रोजन रक्तात आणि सांध्यांच्या आसपास विरघळतो, हे तू कोर्समध्ये शिकलायस. वर आल्यावर तो एकदम जात नाही. श्वासावाटे हळूहळू, काही तास निघत राहतो. डाइव्ह कॉम्प्युटर हा सगळा हिशोब समुद्रसपाटी धरून करतो. तू मात्र मुरुडेश्वरच्या किनाऱ्यावरून अंकोल्याला आलास, अरबैल घाट चढलास, यल्लापूर, हुबळी, धारवाड करत रात्री बेळगावात पोचलास. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच आहे. इथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो. अंगातला नायट्रोजन अजून निघतोय आणि बाहेरचा दाब उतरला, की बुडबुडे धरायला तेवढं पुरतं.

डाइव्हनंतर लगेच विमानात बसू नये हे सगळ्यांना पाठ असतं. एकच डाइव्ह असेल तर १२ तास, दोन-तीन डाइव्ह किंवा सलग दिवस असतील तर १८ तास, आणि नायट्रोजन निघून जावा म्हणून वर येताना ठरलेल्या खोलीवर सक्तीचे थांबे घ्यावे लागले असतील तर पूर्ण दिवस. पण हा सल्ला साधारण ६०० मीटरच्या पुढच्या उंचीसाठी आहे, आणि आपलं गाव त्याच्या वर बसलंय. आपण घाटमाथ्याची माणसं घाटाला उंची मानतच नाही. आंबोली, चोर्ला, अरबैल हे रोजचे रस्ते. सकाळी गोव्याला मासे खाऊन रात्री घरी, ही आपली सवय. डायव्हरला ती परवडत नाही. मालवणला जा, गोव्याच्या ग्रँड बेटावर जा नाहीतर नेत्राणीला, शेवटच्या डाइव्हनंतर खालीच मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी घाट चढायचा. एका रात्रीचं लॉजचं भाडं हे डायव्हिंगच्या खर्चातच धर.

तुझं कोपर नुसतं भरलं असेलही. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण डिकम्प्रेशनचं, म्हणजे दाब उतरल्यानं झालेल्या बुडबुड्यांचं, दुखणं सगळ्यात जास्त खांद्यात आणि कोपरातच दिसतं, आणि तुझी वेळ त्याच्याशी जुळते. डायव्हिंगच्या वैद्यकशास्त्राची माहिती असलेल्या डॉक्टरांना हे सगळं तारीखवार सांग. सुमारे चारातल्या एका माणसाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये जन्मापासूनची एक बारीक वाट उघडी राहिलेली असते. एरवी तिचा काही त्रास नसतो, पण डायव्हरच्या बाबतीत बुडबुडे तिथून नको त्या बाजूला जाऊ शकतात. तुझी तपासणी हवी का, हे त्यांनाच विचार. आणि पुन्हा कधी डाइव्हनंतर सांधा ठणकला, हातपाय बधिर झाले, अंगावर चट्टे उठले किंवा न समजणारा थकवा आला, तर मालीश आणि वेदनाशामक गोळीवर निभावू नकोस. शुद्ध ऑक्सिजन लाव आणि डॉक्टरांना फोन कर. डॉक्टर होय म्हणेपर्यंत पाण्यात उतरायचं नाही. फक्त हर्मीस नव्हे, नेत्राणीसुद्धा नाही.

कानाचंही तसंच. ‘चालतं’ हा शब्द काढून टाक. पहिल्या १० मीटरमध्येच दाब दुप्पट होतो, म्हणून कानाला धोका वरच्या पाण्यातच जास्त. सर्दीची गोळी घेऊन खाली गेलास आणि तिचा असर खालीच उतरला, तर वर येताना कान अडतो. २८ मीटरवर निदान सावकाश वर-खाली करायला सवड मिळते. ५३ मीटरवरून येताना हवा मोजून ठेवलेली असते आणि प्रत्येक थांब्याची वेळ ठरलेली असते, तिथं कानाची समजूत काढत बसता येत नाही. आतल्या कानाला इजा झाली तर ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. बेळगावात कान-नाक-घशाचे चांगले डॉक्टर आहेत. याच आठवड्यात जा.

आता हर्मीस. तुला तिथं जावंसं वाटतं हे मला मनापासून पटतं. मी नौदलात डायव्हर होतो. पाण्याच्या निळ्या धुक्यातून एखाद्या मोठ्या जहाजाची कड हळूहळू उमटायला लागते तेव्हा छातीत काय होतं, ते मला माहीत आहे. आणि हे जहाजही साधं नाही. विमानवाहू म्हणूनच आराखडा करून बांधायला घेतलेलं ते पहिलं जहाज. ९ एप्रिल १९४२ ला जपानी हल्ला येणार म्हणून ते त्रिंकोमालीहून बाहेर पडलं होतं. डेकवर स्वतःचं एकही विमान नव्हतं. जपानी विमानांनी ते बट्टिकलोआजवळ गाठलं आणि बुडवलं. ३०७ माणसं गेली. (आपल्या ‘विराट’चं जुनं नावही हर्मीसच, पण ते नंतर बांधलेलं दुसरं जहाज. ते २०१७ मध्ये निवृत्त झालं आणि अलंगला तोडलं गेलं.)

पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर: या मे महिन्यात जाऊ नकोस. ‘काळजी घेऊन जा’ असंही मी म्हणणार नाही. जाऊ नकोस.

तू दिवसभर दाब ‘बार’ या एककात मोजणारा माणूस आहेस, म्हणून तुझ्याच भाषेत हिशोब मांडतो. पाण्याबाहेर १ बार, आणि दर १० मीटरला आणखी १. म्हणजे ५३ मीटरवर ६.३ बार. पाण्यात शांत राहून तू मिनिटाला साधारण २० लिटर हवा घेत असशील तर तिथं तीच १२६ लिटर होते. १२ लिटरचं सिलिंडर २०० बारला भरलं की त्यात २४०० लिटर मावते. भागाकार कर. १९ मिनिटांत सिलिंडर कोरडं. हे सुद्धा तू शांत असशील तर. घाबरल्यावर श्वास सहज दुप्पट होतो, मग नऊ-साडेनऊ मिनिटं. त्यातून खाली जायची तीन मिनिटं काढ. वर यायला ठरलेला वेग मिनिटाला ९ मीटर, म्हणजे एकही थांबा नसला तरी सहा मिनिटं. आणि तुझ्या जोडीदाराची हवा संपली तर त्यालाही याच सिलिंडरमधून वर आणायचं आहे. आता सांग, ‘पाच मिनिटं’ यात कुठं बसवायची?

शिवाय ही पाच मिनिटं म्हणजे मुळातच काठावरची वेळ. साध्या हवेवर त्या खोलीला न थांबता वर येता येईल अशी मुदत जेमतेम तेवढीच, आणि खाली उतरण्याचा वेळही त्यातच धरलेला असतो. पायातला एखादा फिन अडकला, दिवा निसटला, जोडीदार दिसेनासा झाला, की ती संपली. वीस मिनिटं खाली राहिलास तर वर येताना अर्धा तास किंवा जास्त ठरलेल्या खोलीवर लटकावं लागतं. तेवढी हवा एका सिलिंडरमध्ये नसते. जी माणसं तिथं नीट तयारीनं जातात ती पाठीवर दोन सिलिंडर, दोन स्वतंत्र रेग्युलेटर आणि बाजूला थांब्यांसाठी वेगळ्या मिश्रणाचं सिलिंडर घेऊन जातात. मनगटावरच्या पाटीवर मिनिटागणिक योजना लिहिलेली असते, आणि उशीर झाला तर काय, एक सिलिंडर गेलं तर काय, याच्याही ओळी त्याच पाटीवर असतात.

‘साध्या हवेवर होतं’ हे मित्राचं वाक्य अर्धं खरं आहे. ऑक्सिजनचा भाग म्हणशील तर ५३ मीटरवर तो १.३ बार होतो, १.४ च्या मर्यादेत. अडचण नायट्रोजनची आणि दाटपणाची. ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची गुंगी जाणवायला लागते. ५० च्या पुढं ती प्रत्येकाला असते, फक्त प्रत्येकाला कळत नाही. सिलिंडरच्या गेजवर ६० बार दिसतात, आणि साठ म्हणजे कमी की जास्त हे ठरवायलाच वेळ लागतो. तळाशी उगाच खूप बरं वाटतं, त्या बरं वाटण्यावर विश्वास ठेवू नये. दाटपणाबद्दल लोक बोलतच नाहीत. जमिनीवर एक लिटर हवा सव्वा ग्रॅमच्या आसपास भरते, तिथं ती आठ ग्रॅमच्या घरात जाते. अलीकडच्या अभ्यासातून ६.२ ग्रॅमच्या वर जाऊ नये असा सल्ला रूढ झालाय, कारण इतकी दाट हवा फुप्फुसांना पुरती आत-बाहेर करता येत नाही. जरा जोरात फिन मारले की कार्बन डायऑक्साइड अंगात साठतो, धाप लागते, धापेनं भीती आणि भीतीनं आणखी धाप. म्हणून त्या खोलीला हेलियम मिसळलेला ट्रायमिक्स वापरतात. तो महाग असतो, हे खरं.

महाग म्हणून काय होऊ शकतं, ते सांगतो. १९९२ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारे ७० मीटरवर, एका बुडालेल्या जर्मन पाणबुडीवर ख्रिस राउस आणि त्यांचा मुलगा ख्रिसी उतरले. दोघंही गुहांमध्ये डायव्हिंग केलेले, नावाजलेले डायव्हर. त्या दिवशी पैशाच्या अडचणीमुळं ते हेलियमऐवजी साध्या हवेवर होते. मुलगा आत शिरला, आतलं सामान कोसळून अडकला. बापानं त्याला सोडवलं. दोघं बाहेर आले, पण गाळ, अंधार आणि गुंगी यांत वरच्या थांब्यांसाठी बाहेर ठेवलेली सिलिंडर त्यांना सापडली नाहीत. एकही थांबा न घेता ते सरळ वर आले. दोघंही गेले. ती पाणबुडी यू-८६९ होती, हे पुढं काही वर्षांनी नक्की झालं. तुझ्या २६ डाइव्हना मी कमी लेखत नाही. पण त्या दोघांकडं तुझ्या कित्येक पट अनुभव होता.

आता ‘एका बाजूनं आत, दुसरीकडून बाहेर’. ऐंशीहून जास्त वर्षं खाऱ्या पाण्यात असलेल्या जहाजाचा दरवाजा कालच्या व्हिडिओत उघडा दिसला म्हणून आजही उघडा असेल याचा भरवसा नाही. तू आत गेलास की तुझ्या श्वासाचे बुडबुडे छताला जाऊन आपटतात, आणि जुन्या घराची कौलं काढताना काजळी गळते तसा गंज वरून झडायला लागतो. खाली बारीक गाळ बसलेला असतो, एका फिनच्या फटक्यानं तो उठतो. काही सेकंदांत हातातला गेज डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही. दिवा लावला तर समोर नुसती तपकिरी भिंत. जहाज कललेलं असेल तर भिंत कुठली आणि जमीन कुठली याचाही घोळ होतो. त्या वेळी बाहेरपासून बांधत आणलेला दोर बोटांत असेल तर माणूस बाहेर येतो. तो नसेल तर केवळ नशीब. वर लोंबकळणारी कोळ्यांची तुटकी जाळी आहेतच. बारीक नायलॉन पाण्यात दिसत नाही आणि हातानं तुटत नाही. म्हणून आत जाणारे लोक तीन दिवे, दोन कापायची हत्यारं आणि दोराचं रीळ नेतात, आणि हवेच्या तीन हिश्शांतला पहिला हिस्सा संपला की जिथं असतील तिथून मागं फिरतात. तुझ्या मित्रानं यातल्या कशाचं नाव घेतलं का? पत्रात तरी दिसलं नाही.

आठवण म्हणून काही आणायचं नाही. आपल्या नौदलाची युद्धनौका खुकरी ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ बुडाली, कॅप्टन मुल्लांसह १९४ जण तिच्याबरोबर गेले. तिच्यातली ताटली उद्या कोणाच्या दिवाणखान्यात दिसली तर तुला कसं वाटेल? हर्मीसच्या ३०७ जणांचीही घरं होती. बघायचं, आणि हात न लावता यायचं.

कार्ड न विचारणाऱ्या बोटीवर तर चढूच नये. जो कार्ड विचारत नाही तो ऑक्सिजनची टाकी भरलेली ठेवतो का, जवळचं रिकम्प्रेशन चेंबर (बुडबुड्यांच्या दुखण्यावर माणसाला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायची बंद खोली) किती तासांवर आहे हे त्याला ठाऊक आहे का, हे प्रश्न माझ्या मनात लगेच येतात. बट्टिकलोआला नीट शिकवणी आणि योजना मागणारी माणसंही भेटतात. पुढं जाशील तेव्हा त्यांच्याबरोबर जा.

जाशील, असंच मी धरून चाललोय. दोन-तीन वर्षं दे. डॉक्टरांची परवानगी मिळाली की आधी नायट्रॉक्सचा (ऑक्सिजन वाढवलेल्या हवेचा) आणि रेस्क्यूचा, म्हणजे बचावाचा, कोर्स कर. रेस्क्यूनं माणूस बदलतो, दुसऱ्याकडं बघायला शिकतो. मग ४० मीटरपर्यंतचा डीप कोर्स, रेकचा, म्हणजे बुडालेल्या जहाजांवरच्या डायव्हिंगचा, कोर्स. दरम्यान उथळ रेकवर भरपूर वेळ घालव. गोव्यात ग्रँड बेटाजवळ जुन्या जहाजाचे अवशेष कमी खोलीवर आहेत. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडं सोपवण्यात आली. निवतीच्या समुद्रात तिचं पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे. आपल्याला ते आंबोली उतरून गेलं की हाताशी. पाण्यात एका जागी, एका खोलीवर, गाळ न उडवता स्थिर राहणं तुला जमतं का ते बघ. गोवावेसच्या जलतरण तलावात तळापासून हातभर वर दहा मिनिटं राहायचा सराव करता आला तर फार उत्तम, तिथल्या लोकांची परवानगी काढ.

दोराचा सराव तर कोरड्या जमिनीवरच करतात. निपाणीला शेतात जा, झाडाझाडांना गुंडाळत दोर ने, मग डोळ्यांवर पट्टी बांधून बोटांनी दोर चाचपत परत ये. गाठी कुठं आल्या, वळण कुठं घेतलं, दोर ढिला कुठं सुटला, ते बोटांना कळायला लागलं पाहिजे. जोडीदाराला मध्येच दोर ओढायला सांग. ऐकायला किरकोळ वाटतं, पण गुहेत आणि जहाजात शिरणाऱ्यांची शिकवणी इथूनच सुरू होते. त्यानंतर थांबे घेऊन वर येण्याचा तांत्रिक कोर्स, जो साधारण ४५ मीटरपर्यंत नेतो, मग ट्रायमिक्सचा, ६० पर्यंतचा. ५० च्या पुढं नेणाऱ्या कोर्ससाठी अनेक संस्था शंभराच्या आसपास डाइव्ह मागतात, आणि ते योग्यच आहे. जहाजाच्या आत शिरणं हे याही पलीकडचं वेगळं शिक्षण. पहिल्यांदा हर्मीसवर जाशील तेव्हा बाहेरूनच बघ. १८० मीटर लांबीचं जहाज आहे, बाहेरूनच बघून होत नाही.

राहिली आई. तिला खोटं सांगू नकोस. बोटीवर चढताना एक फॉर्म भरून घेतात, त्यात अडचणीच्या वेळी कोणाला फोन करायचा ते नाव असतं. तिथं तू आईचं नाव लिहिणार. आणि फोन आलाच तर पलीकडच्या माणसाला तिला आधी हे सांगावं लागेल की मुलगा कोलंबोत नव्हता, समुद्रात होता. तिच्या वाट्याला हे आणू नकोस.

समजावायला जाऊ नकोस, दाखव. या रविवारी निपाणीला जा. कोपराचं सांग, कानाचं सांग, डॉक्टरांकडं जाणार आहेस ते सांग. मेचा बेत रद्द केला हेही सांग. मग कागदावर वरचा हवेचा हिशोब तिच्यासमोर मांड. तिला बार कळायची गरज नाही. महिन्याचं रेशन किती दिवस पुरतं, पाहुणे आले तर किती बाजूला ठेवायचं, हे ती आयुष्यभर करत आली आहे. ती प्रश्न विचारेल. ज्या प्रश्नाला तुझ्याकडं उत्तर नसेल तो लिहून ठेव आणि पुढच्या इन्स्ट्रक्टरला विचार. जमलं तर पुढच्या मोसमात तिला मालवणला घेऊन जा. तू बोटीवरून परत येतोस, वेळेवर येतोस, आणि रात्री घाट न चढता तिच्याबरोबर तिथंच राहतोस, हे तिला एकदा बघू दे. तिची भीती पूर्ण जाईल असं मी म्हणत नाही. पण ती माहितीवरची भीती असेल आणि तिला तुझ्याशी बोलता येईल.

मित्राला आजच फोन कर, म्हणजे तुझी जागा त्याला दुसऱ्या कुणाला देता येईल. आणि त्याच्याशी भांडू नकोस, हाच हिशोब त्यालाही पाठव. तो २४०० ला १२६ नं भागून बघेल तर बरं. ३० हजारांतले जे परत मिळतील ते रेस्क्यूच्या कोर्सला लाव. नाही मिळाले तर सोडून दे, त्या पैशांपायी पाण्यात उतरू नकोस. डॉक्टरांनी कोपराबद्दल काय सांगितलं ते मला नक्की कळव.

तुझा,
काका